पार्टनर व्हायला ‘नको’ म्हणाली

मंडळी, दुपारपासून माझं डोकंच चालेना. माझी मुलगी रश्मी सीए आहे, घरूनच काम करते. आज फर्मने तिला पार्टनर व्हायला विचारलं, अन् ती फोनवर सरळ ‘नको’ म्हणाली!

“काहून वं?” मी ओरडलोच.

“बाबा, मग रोज ऑफिसात बसा लागन, ओवीले शाळेतून आणाले मले जाता नाही येणार.” ओवी म्हणजे तिची मुलगी.

मीही सीए. ऐंशीच्या दशकात नागपुरात धरमपेठेत आमच्या सरांचं ऑफिस त्यांच्याच घरात होतं. सरांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय आम्ही घरी जायचो नाही. सर मात्र संध्याकाळी आत जाऊन आपल्या मुलांचे पाढे घ्यायचे, आम्ही बाहेर ऐकत बसायचो.

मघापासून आठवून राहिलो, रश्मीला पाढे कोणी शिकवले? मी तर तेव्हा ऑफिसातच असायचो. सांगा, मी तिला काय समजावू?