हॅलोमावशींच्या पित्तनळीचा फोटो

हॅलोमावशींची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानावर आवाज पडला आणि त्याला उत्तर गेलं नाही, असं त्यांच्याकडून कधी झालं नाही. निवृत्तीनंतर तर लिफ्टमधली रेकॉर्ड केलेली बाई "कृपया दरवाजा बंद करा" म्हणाली, की त्या "केला हं" म्हणायच्या.

एकदा त्यांचे डोळे पिवळे झाले, पोटात कळा सुरू झाल्या. सर्जन म्हणाले, "पित्ताशयात खडे आहेत, पित्ताशय काढावंच लागेल. पण एखादा खडा सटकून पित्तनळीत अडकलाय का, ते आधी एमआरआयमध्ये बघू. ऑपरेशनच्या वेळी अंधारात चाचपडायला नको."

मावशी उपाशीपोटी त्या बोगद्यात सरकल्या. पोटावर पट्टा, कानांवर हेडफोन. मशीनमधला आवाज म्हणाला, "श्वास घ्या. सोडा. आता रोखून धरा."

"धरला!" मावशी म्हणाल्या.

झालं! श्वास सुटला, पोट हललं, फोटोत नुसतं धुकं.

टेक्निशियनने समजावलं, "मावशी, ते रेकॉर्डिंग आहे. उत्तर द्यायचं नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी "हो हो, धरते" म्हणून मोकळ्या झाल्या. मग टेक्निशियन स्वतः माइकवर आला, तर त्याला "जेवलास का रे?" सोबत आलेल्या मावशींच्या मुलाने माइकवरून सांगून पाहिलं, तर त्याला "सर्दी झालीय का तुला?"

टेक्निशियनने कपाळाला हात लावला. "या ज्याला उत्तर देत नाहीत, असं जगात कोणीच नाही का?"

मुलगा जरा घुटमळला. "आहे. माझी मोठी काकू."

या थोरल्या जाऊबाई त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायच्या. धाकटीच्या आवाजाने दूध नासतं, असं एकदा भरल्या घरात म्हणाल्या होत्या. तेव्हापासून कडकडीत अबोला. पण बोलावणं जाताच त्या तडक आल्या.

"श्वास घे," माइकमधून जाऊबाईंचा आवाज आला. आत मावशींचं पित्त खवळलं, पण ओठ घट्ट मिटले. "सोड. आता धर." पोट दगडासारखं स्थिर! पडद्यावर पित्तनळी फांद्यांसकट झाड दिसावं तशी उमटली.

अशी संधी जाऊबाई कशी सोडतील? "श्वास घे. तुझी ती निळी छत्री मीच हरवली. सोड. धर. आणि ते दूध आधीच शिळं होतं, तुझ्या आवाजाचा काही संबंध नव्हता. श्वास घे."

"काकू, तपासणी संपली," टेक्निशियन म्हणाला.

"तुझी संपली असेल. माझं व्हायचंय अजून."

मावशी बाहेर आल्या त्या लालबुंद होऊन. "झालं का बोलून, जाऊबाई?" एवढंच विचारलं, आणि जाऊबाई ढसाढसा रडायला लागल्या.

नळीच्या खालच्या टोकाला वाटाण्याएवढा खडा सापडला. सर्जननी तो आधी दुर्बिणीतून काढवून घेतला, मग पित्ताशय काढलं. सगळं सुरळीत पार पडलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दोघी जावा भेटीची वेळ संपेपर्यंत एकाच वेळी बोलत होत्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईने शेवटी नर्सकडे कानात घालायला कापूस मागितला.