एसी पंप

माझ्या भावाच्या पिकअपला एसी नाही. कधी नव्हता, आणि गाडी भंगारात जाईपर्यंत बसणारही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गावाकडची माणसं अजून मला बघितलं की विचारतात, "काय मग, लागती का गार हवा?" टोमणा भावाला नसतो, मलाच असतो. असायलाच पायजे.

आम्ही मूळचे मेंढरं राखणारे. वडलांपर्यंत ते चाललं. धाकट्या भावानं मात्र जुनी डिझेलची पिकअप घेतली आणि पिशोरकडच्या आमच्या वस्तीवरचं दूध रोज सकाळी शहरातल्या डेअरीला पोचवायला लागला. मी शहरातच दिलेली, घरीच ब्लाउज शिवते. भाऊ हॉर्न वाजवत यायचा, लोक दारात कॅन भरून ठेवायचे, हा उचलून न्यायचा. कुणी कधी झाकण उघडून मोजलं नाय का कुणी संशय घेतला नाय. त्याच्या घरातली चूल त्या कॅनांवरच पेटायची.

गेल्या उन्हाळ्यात गाडी अडायला लागली. रिकामी असली की ठीक, पण भरून खुलताबादच्या चढाला लागली की आचके द्यायची आणि बंद पडायची. बोनेट उघडायचं, हातानं डिझेल चढवायचं, पुन्हा चालू करायची, पुन्हा बंद. त्या उन्हात दोनदा दूध नासलं. मग लोकांनी तोंडावर सांगितलं, "आता एकदा जरी असं झालं तर आम्ही दुसऱ्या गाडीत घालू." दुसरी गाडी टपलेलीच होती. दुधाची घरं गेली असती तर भावाला पुन्हा दुसऱ्याच्या रानात रोजंदारीनं जावं लागलं असतं.

तशात वस्तीवरच्या एका मावशीकडं नातवाचं बारसं निघालं. सगळ्यात जास्त दूध त्यांचंच. मी शहरातून आले होते, मांडवात बसून पाळण्याला फुलं बांधत होते. भोवती दूध घालणाऱ्या झाडून सगळ्या घरच्या बाया. भाऊ मात्र खुलताबादला गॅरेजात, गाडी तिथंच उभी. तेवढ्यात त्याचा फोन आला.

"आक्का, तू आज परत जाती ना? उद्या मोंढ्याच्या बाजारातून एसी पंप घेऊन ये. इथं भेटना."

बास. पुढचं मी ऐकलंच नाय. एसी एवढं एकच ऐकलं आणि माझ्या तोंडाचा पट्टा सुटला.

"एसी? तुला एसी पायजे व्हय रं? इथं लोकांचं दूध नासतंय न् तुला गाडीत गार हवा पायजे? लाज वाटती का तुला? बाप उन्हात मेंढरामागं हिंडून हिंडून काळा पडला, त्यानं कधी छत्री मागितली नाय!"

तो काहीतरी म्हणत होता. "अगं आक्का, तसं नाय..." असं काहीसं. मी फोन कट केला. वरून मांडवातल्या बायांकडं बघून म्हणलं, "बघा बाई, काय एकेक थेर!" मला वाटलं, मोठी बहीण म्हणून मी लई न्यायाचं बोलले. लाडाकोडाच्या भावाला चारचौघींत झापलं म्हणून मनातून थोडी मिरवतही होते. बाया हसल्या नाहीत, एकमेकींकडं बघत राहिल्या. मावशींनी पाळण्याची दोरी हातात धरली न् तोंड फिरवलं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळायला पायजे होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फणफणतच मोंढा नाक्याकडं गेले. शेवटी भाऊच तो, मागतोय तर बघू तरी केवढ्याला पडतं, असं म्हणत गाड्यांचे एसी बसवणाऱ्या एका दुकानात शिरले. तिथल्या माणसाला म्हणलं, एसीचा पंप पायजे. कोणती गाडी, तर गाडी सांगितली. तो बाजूच्या माणसाकडं बघून हसला.

"बाई, उस गाडी में एसी आताइच नै. कौन बोला तुमको?"

"माझा भाऊ. एसी पंप म्हणला."

"अरे, एसी पंप!" आता दुकानातले सगळेच हसले. "वो ठंडी हवा का थोडी है. डिझेल खींचने का पंप है वो, टाकी से इंजन तक. सब मेकॅनिक उसको एसी पंप बोलते. सामने स्पेअरवाले के पास जाव."

पुढं त्यानं सांगितलं की कुठल्या तरी जुन्या कंपनीच्या पंपावर ती दोन अक्षरं असायची, तेच नाव पडलं. मी मान हलवत बाहेर आले. गाडी चढाला बंद पडत होती ती डिझेल ओढत नव्हती म्हणून, आणि भाऊ तेच दुरुस्त करायला धडपडत होता. मी त्याला मांडवात उभा आडवा फाडला होता.

तेवढ्यात आईचा फोन. "काय बोलून गेलीस गं मांडवात? सगळी वस्ती म्हणती, पोरगा आमच्या दुधावर गाडीला एसी बसवतोय. आज गाडी नाय म्हणून त्या दुसऱ्या गाडीत दूध घातलं, उद्यापासून तिकडंच घालणार म्हणत्यात."

मी 'बघते' म्हणून घाईनं फोन ठेवला. भर रस्त्यात मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोरच्या स्पेअरच्या दुकानात गेले तेव्हा माझा आवाज निम्म्यावर आला होता. दुकानदारानं काउंटरवर तीन पंप मांडले. एक चकचकीत डब्यातला, वर रंगीत चित्र. दुसरा साध्या खोक्यातला, करडा, ओबडधोबड. तिसरा विजेवर चालणारा, वायरी लोंबणारा, सगळ्यात महाग. मी लगेच तिसऱ्याला हात घातला. मनात एकच होतं की सगळ्यात भारीतला न्यावा, म्हणजे केलेलं थोडं तरी धुऊन निघेल.

"उसकू वायरिंग लगती बाई," दुकानदार म्हणाला. "घाट में वायर जली तो फिर गाडी खडी. भाई को पूछो ना."

भावाला फोन लावला. त्याला काही कळलंय का नाय, ते त्याच्या आवाजावरून ओळखायचा मी प्रयत्न केला. आवाज रोजच्यासारखाच.

"विजेचा नको," तो म्हणाला. "जुन्यासारखाच बघ, इंजिनाच्या कडंला बोल्टानं बसणारा. दांडी लांब पायजे. आखूड दांडीचा आणला तर इंजिन ती हलवणारच नाय, न् पंप नुसता बसून राहील."

"ए ऐक ना," मी म्हणलं, "वस्तीवर काही..."

"वस्ती राहू दे. दांडी बघ आधी."

उरलेले दोन्ही पंप हातात घेतले. आतल्या रबरी पडद्याचं काम दुकानदारानं समजावलं. दांडी हलली की पडदा खालीवर होतो आणि डिझेल ओढतो. तो फाटला तर डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिनच जातं. मग म्हणाला, डिझेल आत घेणाऱ्या तोंडावर अंगठा लावा आणि दांडी दाबा. चकचकीत पंपानं अंगठा धरला आणि लगेच सोडला. करड्यानं धरला तो धरलाच, चांगला ओढून ठेवला. दांडीही त्याचीच लांब होती. मी तोच घेतला, पंपाखाली बसणारं पॅकिंगही आठवणीनं मागून घेतलं. एवढं मन लावून तर मी माझ्या लग्नाचं पातळही निवडलं नव्हतं.

खुलताबादच्या बसमध्ये पंप मांडीवर घेऊन बसले. भावाला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत होते. आधी सांगू, मग पंप देऊ? का पंप बसू दे, गाडी चालू होऊ दे, मग सांगू? दौलताबाद मागं पडलं तरी काही ठरेना. गॅरेजात पोचले तर भावानं पंप हातात घेतला, दांडी बघितली, अंगठा लावून ओढ बघितली.

"लई चांगला आणलास आक्का," तो म्हणाला.

मला वाटलं, तिथंच रडावं. पण मेकॅनिक होता, दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हणलं, पाणी आहे का प्यायला. मेकॅनिकनं पंप बसवला, हातानं दाबून दाबून डिझेल चढवलं. आधी बुडबुडे आले, मग स्वच्छ धार. चावी फिरवली तर गाडी एका झटक्यात सुरू झाली. चढावर नेऊन बघितली, एकसुद्धा आचका नाय. वस्तीवर पोचलो, जेवलो, आई माझ्याकडं बघत होती, आणि मी तरीही बोलले नाय.

सकाळी मी त्याच्या शेजारी गाडीत बसले. पहिल्या दारात हॉर्न वाजवला. कॅन नव्हता. दुसऱ्या दारात नव्हता. मावशींच्या दारात कॅन होता, पण मावशी त्याच्यापुढं उभ्या होत्या. भावाकडं बघून म्हणाल्या, "काय रं, एसी बसला का?"

मी दार उघडलं. आता सांगायचंच होतं. पाय खाली टाकला तोवर भाऊ दुसऱ्या बाजूनं उतरला होता.

"मावशी, चूक माझीच," तो हसत म्हणाला. "डिझेलच्या पंपाला आम्ही गाडीवाले एसी पंप म्हणतो. मीच फोनवर तोडकं बोललो, आक्काला काय कळणार? या, दाखवतो." त्यानं बोनेट उघडलं आणि तो करडा पंप दाखवला. मावशींनी वाकून बघितलं, हात लावला, भाजला. मग कॅन पुढं सरकवला.

प्रत्येक दारात तो तेच बोलला. चूक माझीच, मीच तोडकं बोललो. मी त्याच्यामागं उभी, मान खाली. काहींनी हसून कॅन दिला, काही म्हणाले आता बघू, एक म्हातारा तर आजपर्यंत दुसऱ्या गाडीतच दूध घालतो.

शेवटचं दार झाल्यावर मी विचारलं, "तुला कवा कळलं?"

"बारशाच्या दिवशीच. संध्याकाळी वस्तीवरचा एक जण गॅरेजात आलता, त्यानंच सांगितलं."

"मग तवाच फोन करून बोलला का नाय? शिव्या तरी द्यायच्या."

त्यानं गिअर टाकला. "बोललो असतो तर तू लाजून घरात बसली असतीस. पंप कुणी आणला असता?"

आणि खरं सांगते, मी नसताच आणला.