हुडुगा म्हणजे कोण?

कन्नडमधला ‘हुडुगा’ म्हणजे पोरगा. बेळगाव भागात हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. तरीही माझ्या मुलाची कंपनी याच शब्दानं खाल्ली.

माझा स्वरूप पहिल्यापासून कमी बोलणारा. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर बिघडला की मिस्त्रीची वाट न बघता हाच तो उघडून बसायचा. इंजिनिअर होऊन उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात लागला. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झालं की ओतलेल्या मालात भोकं पडतात आणि सगळा भंगारात जातो. वाळूत खुपसलं की ओल दाखवणारं यंत्र स्वरूपनं केलं. नोकरी सोडून, आमच्या गोठ्याशेजारच्या खोलीत खपून.

खासबागचा आशुतोष त्याचा कॉलेजातला मित्र, वकिलाचा मुलगा. “तू यंत्र बघ, गिऱ्हाईक मी बघतो,” म्हणाला. निम्म्या-निम्म्या भागीदारीत कंपनी निघाली. कुठल्याही फौंड्रीत गेलं की स्वरूपच्या खांद्यावर हात टाकून आशुतोष मालकाला सांगायचा, “इव नम्म हुडुगा.” हा आपला पोरगा.

“घरचा मानतोय गं आई मला,” स्वरूप सांगायचा. मीही हुरळायची. आमच्या घरात ‘आपला पोरगा’ म्हणजे मायेचा. कारखान्यात ‘आपला पोरगा’ म्हणजे हाताखालचा. आशुतोषला दोन्ही अर्थ ठाऊक होते. आम्हाला एक ऐकवत होता, फौंड्रीवाल्यांना दुसरा.

मग एक दिवस आशुतोष “कंपनी चालत नाही, बंद करूया” म्हणाला. दोघांनी बंद केली. लगेच आशुतोषनं स्वतःच्या नावानं दुसरी काढली. यंत्र तेच, गिऱ्हाइकं तीच. स्वरूप पहिल्या गिऱ्हाइकाकडे, फौंड्रीवाल्या नागेंद्रअण्णांकडे गेला. “अण्णा, हे यंत्र मी केलंय.”

“व्हय रं, दुरुस्तीला तूच येत हुतास की,” ते हसून म्हणाले. “पण आमचा येवहार मालकासंगं. तुझ्या मालकाला घिऊन ये.”

घरी कळल्यावर त्याचे वडील एवढंच म्हणाले, “भागीदार न्हवं, गडी ठेवलता त्यानं.”

भागीदारी करताना हिस्से लिहून घ्या, असं सगळे सांगतात. आम्ही घेतलेच होते. पण तुमच्यादेखत भागीदार परक्यांना तुमची ओळख काय म्हणून करून देतो, ते कान देऊन ऐका. आणि अडखळत का होईना, गिऱ्हाइकाशी स्वतः बोला. ‘तू आतलं बघ, बाहेरचं मी बघतो’ म्हणणाऱ्यानं बाहेरचं दार स्वतःच्या हातात ठेवलेलं असतं.

गेल्या रविवारी आशुतोष दारात उभा. यंत्रं चुकीचे आकडे दाखवायला लागलीत म्हणे.

“काकू, स्वरूपला पाठवा. पगार चांगला देतो. आपलाच पोरगा आहे.”

“पोरगा माझा आहे,” मी म्हणाले. “तुझा भागीदार होता तो.”

स्वरूप बाहेर आला. “लोकांस्नी काय सांगणार, मी कोण म्हणून?”

“अरे, त्यात काय सांगायचं? सगळे ओळखतात तुला.”

“न्हाय ओळखत,” स्वरूप म्हणाला आणि आत गेला.

सोमवारपासून तो एकटाच यंत्र घेऊन फौंड्र्या फिरतोय. अजून कुणी घेतलेलं नाही. जेवण अर्धं टाकतो. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. काल एका मालकानं विचारलं, “कंपनी कुणाची?” हा म्हणाला, “माझी.” पुढच्या आठवड्यात या म्हणालेत.

आशुतोषला त्या दिवशी मी चहाही विचारला नाही. दारात आलेल्याला असं पाठवायची ही माझी पहिलीच वेळ. पुन्हा आला तरी विचारणार नाही.