बसणारा कुत्रा

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर होतो, भोर आणि वेल्ह्याकडच्या गाड्यांवर. कुठल्या घरची सून रुसून माहेरी चाललीय आणि कुठल्या घरची परत येतेय, हे मला तिकीट फाडतानाच कळायचं. त्यामुळे एका म्हाताऱ्या कुत्र्याला कायमचं घर शोधून देणं म्हणजे आपल्या हातचा मळ, असं मी धरून चाललो होतो.

कुत्रा मला निवृत्तीच्या वर्षी शिवरे फाट्यावर सापडला. गाडीनं उडवला होता. गुरांच्या डॉक्टरांनी पाय बांधला, दात पाहिले आणि म्हणाले, "आठ-नऊ वर्षांचा असेल. फार जीव लावू नका." मी लावणार नव्हतोच, पाय बरा झाला की सोडून द्यायचं ठरलं होतं. त्याला दोन वर्षं झाली. पाय काही धड झाला नाही. बायको गेल्यापासून कामथडीच्या घरात मी एकटाच, त्यामुळे त्याला नाव ठेवायची गरज पडली नाही. मी बोललो की त्याच्याशीच, हे त्यालाही ठाऊक होतं.

यंदा माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि मुलानं पुण्याला राहायला या म्हणून हट्ट धरला. चौथा मजला. सून प्रेमळ आहे, पण कुत्र्याच्या केसांनी तिला दमा उठतो. तिथे वाद घालायला जागा नव्हती. महिन्याभरात घर मिळालं नाही तर कुत्रा पुन्हा फाट्यावर, एवढाच मामला होता.

आमच्याकडे कुत्रा घेताना माणसं एकच विचारतात, राखण करतो का. शिवऱ्याच्या हॉटेलवाल्यानं विचारलं. मी खरं सांगितलं की भुंकत नाही. "मग त्याला कुत्रं कशाला म्हनायचं?" असं म्हणून त्यानं मला चहा पाजला आणि विषय संपवला. पुढच्या खेपेला मी शहाणा झालो. विंझरला माझा एक रोजचा प्रवासी होता, भातशेती करणारा. त्याला सांगितलं, राखणीला वाघ आहे. उभ्या नोकरीत कुणाला खोटं तिकीट दिलं नाही, ते त्या दिवशी दिलं.

आठव्या दिवशी त्याचा फोन आला. "कंडक्टर, तुमचा वाघ घिऊन जावा."

शेजारच्या कोंबड्या येऊन वाघाच्या थाळीतलं खात होत्या आणि वाघ सरकून त्यांना जागा करून देत होता. मी ओळखीच्या टेम्पोनं विंझरला गेलो. कुत्रा लंगडत आला आणि माझ्या चपलेवर डोकं ठेवून बसला. मला लाज वाटली, इतकी की शेवटी त्या शेतकऱ्यालाच माझी दया आली.

"वरल्या वाडीवर एका म्हातारीला कुत्रं पायजे हाय," तो म्हणाला. "पर ह्या बारीला खरं सांगा."

त्याच टेम्पोनं वर गेलो. वाडीवर शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांची पाच-सहा घरं. सकाळी धडधाकट माणसं जनावरं घेऊन रानात जातात आणि नुकती जन्मलेली करडं घरी राहतात, डालग्यांखाली, म्हणजे पालथ्या घातलेल्या मोठ्या टोपल्यांखाली. आजी अंगणात अशा दोन डालग्यांजवळ बसल्या होत्या. त्यांना दिसायचं कमी. आधीचा कुत्रा तरणा होता. खेळता खेळता त्यानं एका करडाचा पाय मोडला, म्हणून त्याची बदली मेंढ्यांमागे झाली होती.

"राखन करतंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"भुकतंय?"

"नाही."

"पळतंय तरी?"

"पाय अधू आहे, आजी."

"मंग करतंय काय?"

"बसतो," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

"बसाया तर पायजे. हितं बसायलाच कुनी ऱ्हात न्हाई."

त्यांनी एक डालगं उचललं. पाच करडं उधळली ती सरळ कुत्र्यावर. एक त्याच्या पाठीवर चढलं, दुसरं कान चघळू लागलं. कुत्र्यानं माझ्याकडे पाहिलं, मोठा श्वास सोडला आणि हळूच कुशीवर झाला, पाठीवरच्याला उतरायला सोपं जावं म्हणून. आजींनी हातानं चाचपून पाहिलं, पाच करडं आणि एक कुत्रा.

"बिबट्याचं काय?" मी विचारलं.

"दिस बुडायच्या आदी दार लावतो. समदी आत. त्यो बी." मग त्यांनी विचारलं, "किती वर्सं काढंल?"

"दोन-तीन."

"मला बी तेवढीच पुरं."

मी निघालो तेव्हा कुत्रा उठला नाही. त्याच्या पायावर करडू झोपलं होतं, त्यामुळे कारण रास्त होतं, पण मला फार वाईट वाटलं. एरवी मी दुकानापर्यंत निघालो तरी तो फाटकापर्यंत यायचा. मी तोंड फिरवून डोळे पुसले.

"तुमी कुठं ऱ्हानार आता?" आजींनी विचारलं.

"पुण्याला, लेकाकडं. चौथ्या मजल्यावर."

"तितं काय करनार?"

"बसणार," मी म्हणालो.

आजी कुत्र्याच्या पाठीवरनं हात फिरवत राहिल्या.

"अधनंमधनं येत जावा," त्या म्हणाल्या. "दुसरं डालगं बी हाय."