दानम्माच्या नावानं उघडणारं पोर्टल

दानम्माचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लागून. जुळे सोलापुरात आम्ही राहायला आलो तेव्हा पहिल्या दिवशी भाकरी-पिठलं तिच्याकडूनच आलं होतं. ती घरात कन्नड बोलते, ऑफिसात मराठी, आणि माझ्याशी दोन्ही कालवून. एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात ती आस्थापना विभागात आहे. म्हणजे संस्थेच्या मोहोळ, माळशिरस, अक्कलकोट अशा सगळ्या बाजूंच्या शाळांतल्या मास्तरांच्या आणि शिपायांच्या रजा, बदल्या, सेवापुस्तकं, सगळं तिच्या टेबलावरून जातं.

तिचे यजमान महादेवप्पा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते. आवाज असा की मागावरचा खडखडाटही त्यांच्यापुढं गप्प बसावा. मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, हट्ट तेवढा राहिला. सकाळी एक बाई येऊन आंघोळ घालते, कपडे बदलते, त्याला ना नाही. पण घास मात्र दानम्माच्याच हातचा. दुसऱ्या कुणी चमचा पुढं केला की तोंड मिटून भिंतीकडं बघतात. मुलगी बेळगावला दिलेली, तिचं बाळ लहान. म्हणून दुपारच्या सुट्टीत दानम्मा स्कूटीवर घरी येणार, त्यांना भरवणार, स्वतः उभ्या उभ्या दोन घास खाणार आणि परत जाणार. ऑफिस जवळ आहे म्हणून हे चाललं होतं. तिचं सगळं आयुष्य त्या दुपारच्या ताटाभोवती बांधलेलं होतं म्हणा ना.

गेल्या वर्षी संस्थेनं कर्मचारी पोर्टल नव्यानं करायचं ठरवलं. पोर्टल म्हणजे बाहेरच्यांना न दिसणारी, फक्त संस्थेच्या माणसांसाठीची वेबसाइट. रजा टाका, परिपत्रक वाचा, पगारपत्रक काढा. ऑफिसात कुजबुज सुरू झाली की नव्या पोर्टलवर सगळं आपोआप होणार, मग आस्थापना विभागात एवढी माणसं कशाला? उरलेल्यांना तालुक्याच्या शाळांत पाठवणार. दानम्माची झोप उडाली. तेवढ्यात नव्या पोर्टलचा आराखडा करणाऱ्या समितीत तिचंच नाव आलं.

"वहिनी, आराखडाच मी करून दिला तर मला कशाला हलवतील? उलट मला इथंच ठेवावं लागंल की!" ती म्हणाली. मलाही ते पटलं. मी कॉफी केली आणि आम्ही दोघींनी ती जणू पेढा असल्यासारखी प्यायली.

आता जुन्या पोर्टलची गंमत सांगायला हवी. ते आलं तेव्हा प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड दिला होता. त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक कसलंतरी चिन्ह. खेड्यातल्या शाळांत ते कुणाच्या लक्षात राहणार? चुकीचा टाकला की खातं बंद, की दानम्माला फोन. "बाई, माझी रजा अडकली." "बाई, पगारपत्रक निघंना." शेवटी ती कंटाळून म्हणाली, "माझ्याच नावानं उघडा की! माझ्या खात्यातून कुणाचीबी रजा भरता येते." आणि तिचा पासवर्ड होता नवऱ्याचं नाव आणि पुढं एक.

पण नवऱ्याचं नाव दानम्मा तोंडानं घेत नाही. आमच्या सुना नवऱ्याला हाकाच मारतात नावानं, तिचं मात्र अजून 'हे' आणि 'ह्यांना'. त्यामुळं फोनवर ती सांगायची, "आमच्या ह्यांचं नाव टाका, पुढं एक." पलीकडचा म्हणायचा, "साहेबांचं नाव काय?" ही गप्प. मग तो मोहोळच्या शाळेतल्या बिभीषणला विचारायचा. बिभीषण तिथला क्लार्क, दानम्माच्या घरी येणारा-जाणारा. असं एकाकडून दुसऱ्याकडं जात जात सगळ्या संस्थेला ते नाव पाठ झालं. बिभीषण एकदा माझ्यासमोरच महादेवप्पांना म्हणाला, "मालक, देवाचं नंतर, रोज सकाळी पैलं तुमचं नाव घेतो आमी. त्याबिगर कामच सुरू होत न्हाय!" महादेवप्पा अर्ध्या तोंडानं हसले. दानम्मा पदराआड.

आराखड्यासाठी पुण्याच्या कंपनीकडून उत्कर्षा नावाची मुलगी आली. हुशार, अगदी गोड बोलणारी. तिनं दानम्माला चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला. प्रत्येक चिठ्ठीवर पोर्टलच्या एका पानाचं नाव. "मॅडम, तुम्हाला जी पानं एकत्र असावीत असं वाटतं, त्यांचे गट करा. त्यावरून आम्ही रचना ठरवू."

दानम्मानं त्या चिठ्ठ्या महादेवप्पांच्या पलंगावर पसरल्या. मी टोकाला बसले. रजा इकडं, वैद्यकीय बिलं तिकडं. प्रसूती रजा रजेत घालायची की बायकांच्या गटात, यावर आमची चांगलीच जुंपली.

"अगं, रजा ती रजा," मी म्हटलं.

"न्हाई वहिनी, मास्तरीणबाई पोट घेऊन रजेत शोधत बसंल का?"

महादेवप्पा लक्ष देऊन बघत होते. आमचे गट नीट लागले आणि त्यांनी डावा हात फिरवून सगळ्या चिठ्ठ्यांचा एकच ढीग केला.

"घ्या! ह्यांचा आराखडा झाला," दानम्मा म्हणाली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसांत ती खरंच आनंदात होती.

उत्कर्षानं शाळाशाळांतून एक प्रश्नही विचारला होता. नव्या पोर्टलच्या पहिल्या पानावर काय हवं? उत्तरं वाचून दानम्मा लाजून गेली. निम्म्या लोकांनी लिहिलं होतं, दानम्माबाईंचा फोन नंबर, मोठ्या अक्षरात.

"आता तर काय, तू पक्की झालीस," मी म्हटलं.

मग ती सभा झाली. मी नव्हते तिथं, पण बिभीषणनं नंतर आमच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं. संस्थेचे सचिव इंद्रजीतराव, समितीतली माणसं, शाळांचे क्लार्क. उत्कर्षानं भिंतीवर तक्ता दाखवला, पोर्टल कोण किती वापरतं याचा. सगळ्यांच्या रेघा गवतासारख्या खुरट्या आणि मधोमध एकच रेघ उभी, पार वर छताला टेकलेली. खाली नाव दानम्माचं. त्याच वेळी मोहोळातून, त्याच वेळी माळशिरसातून, त्याच वेळी अक्कलकोटाकडून.

इंद्रजीतराव हसून म्हणाले, "बाई, तुम्ही एकाच वेळी तीन तालुक्यांत असता की काय?"

सगळे हसले. उत्कर्षा हसली नाही. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, पासवर्ड कुणाला दिला होता का?"

दानम्मानं खाली बघत मान डोलावली.

"काय होता पासवर्ड? आता बदलूच आपण, सांगितला तरी चालेल."

ती कशी सांगणार? आणि मागच्या खुर्च्यांवरून पाच-सहा क्लार्क एका सुरात ओरडले, "महादेवप्पा एक!"

"वहिनी, आमाला वाटलं बाईची अडचण झालीय, सोडवावी," बिभीषण सांगताना स्वतःच्या गालावर चापट मारून घेत होता. "अक्कल कुटं गेली हुती आमची कुणास ठाऊक."

सचिव रागावले असते तर बरं झालं असतं. नोटीस दिली असती, तर तिला उत्तर तरी देता आलं असतं. पण इंद्रजीतराव भला माणूस. ते उभे राहिले आणि म्हणाले, "यात बाईंचा दोष नाही. आपल्या माणसांना पोर्टल येतच नाही, एकट्या बाईंनी सगळं ओढलं. आता नव्यात प्रत्येकाला स्वतःचं स्वतः करावं लागेल. ते शिकवायला यांच्यापेक्षा योग्य कोण? प्रशिक्षण केंद्र माळशिरसच्या शाळेत काढू. दोन वर्षं बाई तिथं राहतील." टाळ्या पडल्या. बिभीषण म्हणाला, बाईनंही वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून.

माळशिरस म्हणजे एसटीनं तीन तास, दुपारी घरी येणं संपलंच. घरी आली ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसली. "एन माडली, वहिनी?" एवढंच. म्हणजे, काय करू मी?

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर सचिवांकडं गेले. त्यांनी उठून खुर्ची दिली, चहा मागवला. दानम्मानं घरचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"एखादी बाई ठेवा ना, ताई."

"बाई हाय साहेब. पण तिच्या हातचं खात न्हाईत."

"होईल हो सवय. माझी आईसुद्धा सुरुवातीला अशीच करायची." आणि खरोखरच्या काळजीनं विचारलं, "त्यांना माळशिरसला नेलं तर?"

त्यांचा व्यायाम घेणारे डॉक्टर इथं, दवाखाना इथं, आणि नवी जागा दिसली की ते लहान मुलासारखे रडतात. हेही तिनं सांगितलं. सचिवांनी मान हलवली, पुन्हा मान हलवली. "बघू, पुढच्या वर्षी काही करता येतंय का." भांडायला जागाच नव्हती कुठं. नोकरी सोडावी म्हटलं, तर घर तिच्या पगारावर.

उत्कर्षाचा फोन आला. मी शेजारीच होते. "मॅडम, मी फक्त प्रशिक्षणाची गरज आहे असं लिहिलं होतं. कुणाला कुठं पाठवायचं ते आम्ही नाही ठरवत." मग थोडं थांबून, "तुम्ही मला सांगितलं असतं तर..." पण दानम्मानं काय सांगायला हवं होतं आणि केव्हा, ते तिलाही सुचेना.

बिभीषणनं धावपळ करून शाळाशाळांच्या क्लार्कांचा अर्ज तयार केला, बाईंना सोलापुरातच ठेवा म्हणून. माळशिरसचा क्लार्क बिरुदेव सही करायला तयार होईना. त्यानं दानम्मालाच फोन लावला. "बाई, नाराज होऊ नका. पण इतकी वर्सं फोनवर बोललो तुमच्याशी, आता तुमी हितं येताय म्हंटल्यावर मी नगं कसं म्हणू? शाळंजवळ खोली बघितलीय. पाणी चोवीस तास. आमची मंडळी म्हंती, चार दिस तरी जेवायला आमच्यातच." दानम्मानं त्याचे आभार मानले, आणि अर्ज तसाच पडून राहिला. फोन ठेवल्यावर म्हणाली, "किती चांगली माणसं हायत बघा सगळी."

जायच्या आदल्या रविवारी तिनं मला शिकवलं. भाकरी दुधात कशी कुस्करायची, घास डाव्या गालात ठेवायचा, आधी चमचा ओठाला नुसता लावायचा. मी चमचा पुढं केला. महादेवप्पांनी तोंड मिटलं. ती माझ्या मागं बसली, मग शेजारी, मग हात माझ्या हाताखाली धरून भरवलं. तेव्हा खाल्लं. तिनं हात काढला की बंद.

"होईल सवय," ती म्हणाली. सचिवांचंच वाक्य, त्याच आवाजात.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं ती गेली. दुपारी मी ताट घेऊन त्यांच्या पलंगापाशी बसले. स्कूटी अंगणात झाकून ठेवलेली. ते दाराकडं बघत होते. मी भाकरी कुस्करली, चमचा ओठाला लावला, गोड बोलले, थोडी रागावलेही. काही नाही. दूध गार होत चाललं.

तिचा फोन आला. "जेवले?"

मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यासमोर धरला. पलीकडं वर्गाचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी "बाई, माझा स्क्रीन काळा पडला" म्हणून ओरडत होतं. त्यातून तिचा आवाज आला, अगदी हळू. "उण्री. स्वल्प उण्री."

जेवा. थोडं तरी जेवा.

त्यांचं तोंड उघडलं. मी घाईनं घास दिला. ते फोनकडं डोळे लावून चावायला लागले. दुसरा घास घेतला. तेवढ्यात पलीकडून बिरुदेवची हाक आली, "बाई, सगळे खोळंबलेत," आणि ती "आले, आले" म्हणाली. फोन बंद झाला.

तिसरा घास मी तोवर तोंडात दिलेला होता. त्यांनी तो चावला नाही, थुंकलाही नाही. गालात तसाच धरून ते बंद फोनकडं बघत राहिले, आणि मी चमचा हातात धरून त्यांच्याकडं.