बोलीवर दिलेली गाडी

"बाई, हा रंग कुणी दिला?"

साहेबानं बोनेटवर नख घासलं. बोनेट म्हंजी इंजनावरचं झाकान. नखाला चांदी लागली. रंग आजून पुरता वाळला बी नव्हता.

माझा दीर किसन लगीच पुढं झाला. "आमीच दिला की साहेब! अंग रुपेरी, चाकं तांबडी. नवरीवानी दिसती का न्हाई?"

साहेबानं डोकं धरलं आन तिथंच एका जुन्या टायरावर बसला.

भोसरीला आमचं भंगाराचं दुकान हुतं. दुकान म्हंजी पत्र्याचं कुंपन, एक वजनकाटा आन एक शेड. मालक गेले तवा लोक म्हनले, ह्ये बाईमानसाचं काम न्हाई, इकून टाक. इकून मंग खायाचं काय, त्ये कोन सांगंना. मीच काट्यावर उभी ऱ्हायली. शाळा माझी दुसरीपत्तूर. कंपन्यांचा लोखंडाचा चुरा, पत्र्याच्या कातरनी, मोडक्या गाड्या, आसा माल घ्यायचा. गाडी आली की आमचा रज्जाक गॅस कटरनं तिचं तुकडं करायचा. गॅस कटर म्हंजी जाळानं लोखंड कापायचं. तुकडं फाउंड्रीत जायाचं, वितळायला. आमच्या दारात आल्याली गाडी पुन्यांदा रस्त्यावर गेली, आसं कदी झालं नव्हतं.

ही गाडी दिघीच्या बाईसाहेबांची. त्यांचं मालक मिलिटरीत मेजर हुते, ते वारले. आता बाईसाहेब घर सोडून लेकीकडं नागपूरला चालल्या हुत्या. गाडी विलायती, लई जुनी. दोनच मानसं बसनार, वर टप न्हाई, दारं कंबरंएवढी, चाकांना सायकलीसारख्या तारा. मेजरसाहेब तरनेपनी शर्यतीत पळवायचे म्हनं. आता इंजन जाम, सीटा उंदरांनी खाल्ल्याल्या. समद्या भंगारवाल्यांनी ती वजनावर मागितली.

बाईसाहेब माझ्याकडं आल्या. म्हनल्या, "तुम्ही बाई आहात म्हणून आले. ही कापू नका. चालवणारा माणूस बघा आणि त्याला द्या. महिनाअखेरपर्यंत मी इथं आहे. नाहीच मिळाला कुणी, तर काय करायचं ते करा, पण मला सांगू नका."

म्या सबुद दिला. मानूस गेल्यावर त्याच्या वहाना सुदिक टाकवत न्हाईत, मला म्हाईत हुतं. ही तर गाडी.

चार ठिकानी बोलून ठिवलं. मंग पिंपरीच्या एका कंपनीतला साहेब आला. तरना, इंजिनियर, गाड्यांचा येडा. चांगल्या प्यांटीत गुडघ्यावर बसला, गाडीखाली डोकं घातलं. उठला तवा त्वांड लहान पोरासारखं झालं हुतं. "पुढच्या रविवारी येतो," म्हनला. "तोवर कुणाला देऊ नका."

आता किसनचं सांगती. किसननं उमर चाकनच्या बैलबाजारात काढल्याली. बैल बाजाराला काढायचा तर आदी धुवायचा, शिंगं साळायची, त्यास्नी हिंगूळ फासायचा, अंगावर झूल घालायची. ही रीत. किसन म्हनला, "वैनी, गिऱ्हाईक पैलं त्वांड बघतंय." मला बी पटलं. मंग आमी दोघांनी गाडी रॉकेलनं पुसली. सीटांच्या कातड्याला गोडं त्याल चोळलं. शेडात चांदी रंग पडल्याला हुता, त्यो अंगाला. चाकांना तांबडा.

"अहो, मूळचा हिरवा रंग होता," साहेब टायरावरनं बोलला. "मला तोच पाहिजे होता."

"त्यो फाटल्याला?" किसन म्हनला. "त्याचं काय करनार?"

"जुन्या रंगावरनं कळतं, कुठं ठोकलीय, कुठं गंजलीय. आता काय कळणार? जुन्या गाडीला ताजा रंग दिला की माणूस एकच समजतो, काहीतरी झाकलंय. ठोकलेली असेल. चोरीची असेल."

किसन तापला. "चोरीची? आमी काय चोर हाय व्हय?"

"किसन, गप ऱ्हावा. साहेब बराबर बोलत्यात," म्या म्हनलं. "ताजा रंग दिसला की मी बी माल घ्येत न्हाई."

साहेब उठला. स्कूटरला किक मारली. महिना सरत आल्याला. दुसरं गिऱ्हाईक कुटलं आनायचं? रज्जाक तिकडं सिलिंडर सरकवत हुता आन माझ्याकडं बगत हुता. महिना सरला की ही त्याच्याच कटरखाली जानार, त्ये त्याला बी दिसत हुतं.

किसन रुसल्याला. पाठ फिरवूनच बोलला, "मंग बोलीवर न्या."

"म्हणजे काय?"

म्या समजावलं. बाजारात बैल बोलीवर द्येत्यात. गिऱ्हाईकानं घरी न्ह्यायचा, आवताला जुंपून बगायचा. खोट निघाली तर बोलीच्या मुदतीत माघारी आनायचा. इकनाऱ्यानं तक्रार करायची न्हाई.

साहेब हसला. "हा काय बैल आहे का?"

"बैलच की," किसन म्हनला. "न्ह्यायची तर वढूनच हाय न्हवं."

साहेबानं स्कूटर बंद केली. दुसऱ्या दिशी टेंपो आला, मागं दोरखंडानं गाडी बांधली आन गेली चिंचवडला. रंग उतरवून बगतो, म्हनला. खोट निघाली तर माघारी.

निघायच्या आदल्या दिशी बाईसाहेब रिक्षातनं आल्या. नेमका रज्जाक एका टेंपोचा सांगाडा कापत हुता. ठिनग्या उडाल्याल्या. बाईसाहेबांनी शेडात बगितलं, शेड रिकामी. मंग ठिनग्यांकडं बगितलं. त्यांचं त्वांड पांढरं पडलं.

"कापलीत?"

"न्हाई बाईसाहेब. गिऱ्हाईकाकडं हाय. चला, दावती."

त्याच रिक्षानं आमी चिंचवडला गेलो.

साहेबाच्या बंगल्याचं फाटक उगडं हुतं. आत बगितलं आन मी फाटकातच थांबली. आंगनभर गाडीचं तुकडं. दारं भितीला टेकवल्याली. चाकं एकीकडं, सीटा एकीकडं. इंजन फळकुटावर. मदी साहेब, अर्ध्या चड्डीवर, कोपरापत्तूर काळा.

बाईसाहेब पायरीवरच बसल्या. "शेवटी मोडलीतच ना," म्हनल्या. मोठ्यानं न्हाई. मोठ्यानं म्हनल्या आसत्या तर बरं झालं आसतं.

साहेब गडबडला. इंग्लिशमदी कायबाय सांगाय लागला. त्यांचं ध्यान नव्हतं, पदर डोळ्याला हुता.

मी आंगनात फिरली. तुकडं बगनं हेच माझं काम. कुटला तुकडा कसा तुटलाय, त्ये बगायची मला सवय. तवा भितीकडंला डालड्याचं डबं दिसलं, वळीनं मांडल्यालं. एकात डोकावली. नट-बोल्ट. रॉकेलमदी धुतल्यालं, दोन-दोन सुतळीनं बांधून त्याला कागदाची चिठ्ठी. दुसऱ्यात तसंच. तिसऱ्यात बी.

"बाईसाहेब, हिकडं या," म्या म्हनलं.

त्या उठनात. मंग म्या डबा उचलून त्यांच्या पायाशी नेला.

"आमी गाडी तोडतो तवा नट खोलत न्हाई. कापतो. गंजल्याला नट खोलायला अर्धा दिस जातो, कुनाला येळ हाय? ह्यांनी एक बी कापला न्हाई. ह्यो बगा, वाकडा झालाय, ह्यो बी ठिवलाय. तोडनारा नट ठिवत न्हाई बाईसाहेब. ज्याला परत जोडायचीय, त्योच ठिवतो. ही तोडली न्हाई. खोललीय."

बाईसाहेबांनी त्यो वाकडा बोल्ट हातात घेतला. लई येळ बगितला. मंग साहेबाला इचारलं, "हा कुठला?"

"डाव्या दाराच्या बिजागरीचा."

"ते दार नीट लागायचंच नाही. आमचे साहेब लाथ मारायचे."

"मी पण मारली," साहेब म्हनला.

बाईसाहेब हसल्या. डोळं वलंच हुतं.

म्या साहेबाला इचारून घेतलं. धंदा तो धंदा. "खोट निघाली का?"

"निघाली की. आत लाकडाचा सांगाडा आहे. निम्मा वाळवीनं खाल्लाय."

"मंग माघारी देनार?"

"कोण म्हणतं?" साहेब म्हनला आन त्यानं डबा माझ्या हातातनं काढून परत जागेवर ठिवला.

गाडी नावावर करायचा कागद बाईसाहेबांनी बॅगंत आनलाच हुता. तिथंच पायरीवर सही केली. दुसऱ्या दिशी त्या नागपूरला गेल्या. जाताना लेकीचा पत्ता माझ्याकडं देऊन गेल्या.

मंग लई सालं गेली. साहेब मधनंमधनं दुकानात यायचा, पत्रा नायतर पाइपचा तुकडा शोधत. गाडीचं इचारलं की म्हनायचा, होतंय. म्या इचारायचं सोडलं.

एक दिशी मी धाकट्या लेकीसंगं बसनं पुन्याला चालली हुती. नाशिक फाट्याच्या आल्याड बस थांबली. फुडं ट्रक, बशी, समद्यांचा हॉर्न चालू. म्या खिडकीतनं बगितलं. रस्त्याच्या मदोमद हिरवी गाडी, वर टप न्हाई, चाकांना तारा. बोनेट उगडं. साहेब आत वाकल्याला. डोक्याचं क्यास पिकल्यालं. मागचा ट्रकवाला त्याला आई-बापावरनं शिव्या द्येत हुता आन साहेब न वळता हात हलवत हुता.

घरी आल्यावर धाकटीला कार्ड लिव्हाय बसवलं, नागपूरच्या पत्त्यावर. तुमची गाडी भर रस्त्यात बंद पडल्याली बगितली, आसं लिव्ह म्हनलं.

धाकटीनं पेन उचललं. "आये, बंद पडल्याली कशाला लिव्हायचं? वाईट वाटंल त्यांना."

"लिव्ह तू," म्या म्हनलं. "रस्त्यात बंद पडायला आदी चालावं लागतंय."