उसवलेली सीट

जुन्या गाड्या विकणाऱ्या त्या शेडमध्ये सगळे तिला सीटवाल्या ताई म्हणत. शेड तिच्या धाकट्या भावाची. कुणाच्या तरी गॅरेजात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली गाडी तो उचलून आणायचा, चालती करायचा आणि जुन्या गाड्यांच्या वेड्यांना विकायचा. वेडे हा त्याच्या बायकोचा शब्द. "नवी गाडी घेताना दहा वेळा विचार करतात," ती म्हणायची, "आणि असं भंगार दिसलं की डोळ्यांत पाणी आणतात."

नवरा गेल्यावर ताई आठ दिवसांसाठी म्हणून भावाकडे आली, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. आल्या आल्या तिच्या लक्षात आलं, की भाऊ इंजिनाचा आवाज ऐकवून गिऱ्हाइकाला खूश करतो, पण मागच्या सीटवर बसलेली गिऱ्हाइकाची बायको कंबर धरत खाली उतरते. ताईने त्या सीटमधला काथ्या बदलला, वरचं कव्हर शिवलं आणि पुढे ते काम तिचंच झालं. शिवून झालं की ती मटार सोलत तासभर त्याच सीटवर बसून राहायची. कुठे टोचतंय, दाराच्या मुठीपर्यंत हात पोचतो का, काचेच्या फटीतून मानेवर वारा येतो का, सगळं बघायची. "गाडी घेतात पुरुष," म्हणायची, "पण मागे बसायचं आपल्याला असतं."

किती दिवस राहणार, असं भावाने एकदाही विचारलं नव्हतं. ते ती कधी विसरली नाही. सगळ्यांच्या आधी उठून ओटा पुसून ठेवायची. अंगात ताप असला तरी पडून राहायची नाही. भावजय वैतागायची. "वन्सं, एखाद्या दिवशी तरी आळस करा हो. तुमच्याकडे बघून मला स्वतःची लाज वाटते, आणि लाजत बसायला वेळ नसतो मला." ताई हसायची आणि पुढचं काम ओढून घ्यायची. भाऊही तिच्याशी जपून वागायचा. बायकोवर, मेकॅनिकवर, फोनवरच्या माणसांवर दिवसभर ओरडणारा हा माणूस ताई समोर आली की आवाज खाली घ्यायचा.

त्या जपण्यातूनच घोटाळा झाला.

भावाला सायीच्या रंगाची एक छोटी, चार दारांची गाडी मिळाली. एका हेडमास्तरांनी जन्मभर वापरलेली. रंग पहिला, काचा पहिल्या, दिव्यांचे बल्बसुद्धा पहिलेच. अशा गाडीला शौकीन लोक 'जशीच्या तशी' म्हणतात आणि रंगवून चकाचक केलेल्या गाडीपेक्षा तिला जास्त किंमत देतात. चकाचक केव्हाही करता येते, पण एकदा काढून टाकलेलं जुनं परत येत नाही. रविवारी दातांच्या एक डॉक्टरीणबाई ती बघायला येणार होत्या; किंमत फोनवर ठरलीही होती. या एका विक्रीवर शेडचं पुढचं वर्ष निघणार होतं. भावाने मेकॅनिकला बजावलं, बायकोला बजावलं, "गाडीवर फडकंसुद्धा मारायचं नाही." ताईला कसं सांगावं, ते मात्र त्याला सुचेना. तुझं काम नको, असा अर्थ तिने काढला तर? परत आल्यावर नीट समजावू, असं ठरवून तो गाडीच्या कागदांवर हेडमास्तरांच्या मुलीची सही आणायला दोन दिवस बाहेरगावी गेला. भावजयीला वाटलं, त्याने ताईला सांगितलंच असेल.

ताईने गाडीत डोकावून पाहिलं. पुढच्या सीटचं चामडं भेगाळलेलं, शिवण सुटलेली, एक स्प्रिंग डोकं वर काढून बसलेली. भाऊ एवढी धावपळ करतोय, निदान हे तरी आपण करू, असं म्हणत तिने सीट मागच्या खोलीत नेली आणि उसवायला घेतली.

भाऊ शुक्रवारी परतला, तेव्हा ती गाडीचं दार उघडून उभी होती. आत कोऱ्या चामड्याची सीट चमकत होती.

"कुणी सांगितलं होतं तुला!" भाऊ एवढ्या मोठ्याने ओरडला, की भावजय लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "फडकंसुद्धा मारायचं नाही, असं सगळ्यांना बजावून गेलो होतो! गाडीची वाट लावलीस, ताई! सगळी वाट लावलीस!"

ताईचा चेहरा पडला. आणि मग तिचाही आवाज चढला.

"मला आधी सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप होतं? सगळ्यांना सांगितलंस, मीच तेवढी परकी?"

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं!"

"मग आता काय बरं वाटतंय का मला?"

भावजयीने लाटणं खाली घेतलं. "नऊ वर्षांत आज पहिल्यांदा भावंडांसारखे भांडलात. वन्सं, जुनं चामडं कुठंय? टाकून दिलं असेल, तर आता मी ओरडणार आहे."

टाकलं नव्हतं. नवं कापताना मापाला जुनाच तुकडा लागतो, म्हणून ताईने एकेक तुकडा मागून खडूने खूण करून ठेवला होता. पण तो परत शिवायचा कसा? मशीनची सुई नवी भोकं पाडणार आणि ते वाळलेलं चामडं जुन्या कागदासारखं फाटणार. एकच रस्ता होता. जुन्याच भोकांतून, हाताने, एकेक टाका.

शनिवारी सकाळी तिघं अंगणात बसली. ताईला भोकं दिसत होती, पण सुईत दोरा ओवताना नजर दगा द्यायची. भाऊ मेण लावलेला दोरा ओवून देत होता, भावजय चामडं ताणून धरत होती.

"अख्खं इंजिन खोलता येतं," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि सुईपुढे घाम फुटलाय."

"मग तू ओव."

"मी का? मी काही लपवून ठेवलं नव्हतं."

ताई हसली. थोड्या वेळाने खाली मान घालूनच म्हणाली, "तू माझ्यासाठी एवढं केलंस, आणि मी तुझंच वर्ष बुडवायला निघाले."

"मी काय केलं?" भाऊ म्हणाला. "तू आलीस तेव्हा मी शेड विकायला काढली होती. गाड्या चालायच्या, पण घरी न्यायला कुणी तयार नव्हतं. तू सीटा शिवायला लागलीस, मग त्यांच्या बायका हो म्हणायला लागल्या. तुझ्यामुळे शेड राहिली, ताई."

ताईचा हात थांबला. "आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"याच्या पोटात अजून काय काय आहे देव जाणे," भावजय म्हणाली. "चामडं सोडू का? हात भरून आले माझे."

रविवारी डॉक्टरीणबाई आल्या. पर्समधून त्यांनी दात बघायचा छोटा आरसा काढला आणि गाडीच्या कानाकोपऱ्यांत घालून बघू लागल्या. पुढच्या सीटपाशी आल्या, तसा भाऊ काहीतरी बोलायला गेला. ताई त्याच्या पुढे झाली.

"ही सीट मी उसवली होती. चामडं तेच आहे, भोकंही तीच आहेत. दोरा माझा आहे."

"उसवलीत कशाला?"

"भावाचे उपकार फेडायला."

बाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मग वाकून आरसा सीटखाली धरला आणि टाक्यावर टाका बघत गेल्या. भावजय पदराचं टोक पिळत उभी होती.

"आता हिला जशीच्या तशी म्हणता येणार नाही," बाई शेवटी म्हणाल्या.

"नाही म्हणता येणार," भाऊ म्हणाला.

"मग ठरलेली किंमत मी देणार नाही."

"नका देऊ."

बरीच घासाघीस होऊन सौदा जुळला. ठरलं होतं त्याहून कमीत, पण हात आखडता घेतला तर शेडचं वर्ष निघेल एवढ्यात. गाडीत बसताना बाई ताईला म्हणाल्या, "नसतं सांगितलंत तरी मला कळलं असतं. मग मात्र मी गाडी घेतली नसती."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

"माझ्यामुळे कमी मिळाले," ताई म्हणाली.

"हो, तुझ्यामुळेच," भाऊ म्हणाला. "थोडे माझ्यामुळेही. उद्या ती हिरवी व्हॅन येतेय. तिच्या सीटा..." तो अडखळला.

"बोल की सरळ."

"हात लावायचा नाही. अजिबात."

"बरं. नाही लावत."

त्याने आवाज खाली घेतला नव्हता. ताईला एवढं हलकं वाटलं, की तिथेच दोन मिनिटं बसावं असं मनात आलं, आणि ती बसलीही, शेडच्या पायरीवर, हातात काहीच काम नसताना. मग तिने मान वळवून भावाला हाक मारली.

"अरे, त्या ग्रीसच्या हातांनी जेवायला बसू नकोस. आधी हात धू."

तो मुकाट्याने नळाकडे गेला.